कायदा आजचा आहे का, ते आधी पाहा
विधी ग्रंथालय वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

जबलपूरला विधी शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींचे ग्रंथालयाविषयीचे प्रश्न दरवर्षी जवळजवळ तेच असतात. निकाल फोनवर फुकट वाचायला मिळतो, मग ते जाडजूड खंड कशाला उघडायचे? भारतीय दंड संहिता गेली, तरी तिच्यावरचे ग्रंथ अजून कपाटात का? एकाच निकालाला तीन-तीन संदर्भ क्रमांक का असतात आणि लिहायचा कोणता? क्लॅट देऊन विदर्भातून धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात आलेल्यांना आणि राणी दुर्गावती विश्वविद्यालयाशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या मराठी मुलांना आणखी एक प्रश्न पडतो. इथल्या पुस्तकांवर अभ्यास करून उद्या नागपूर-अमरावतीला वकिली जमेल का?

या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ग्रंथालय म्हणजे पुस्तके ठेवण्याची जागा असे आपण धरून चालतो. त्यामुळे पुस्तक दुसरीकडे मिळाले की ग्रंथालयाचे काम संपले असे वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्याचे त्यावर भागेलही. कायद्याच्या विद्यार्थ्याचे भागत नाही, कारण त्याच्या हातातला मजकूर अस्सल असला तरी तेवढ्याने काम होत नाही. तो आज लागू असावा लागतो आणि ज्या न्यायालयापुढे उभे राहायचे त्या न्यायालयात चालावा लागतो. कालबाह्य कलम शब्दन्‌शब्द बरोबर छापलेले असू शकते आणि मोडीत निघालेला निकालही सुवाच्य अक्षरात समोर येतो. म्हणून विधी ग्रंथालयाकडे जायचे ते मुख्यतः पडताळणीसाठी. कोणती सेवा घ्यायची, कोणती सूचना वाचायची आणि कशावर वेळ घालवायचा नाही, हे या एका कसोटीवर ठरवलेत तर बराच गोंधळ कमी होईल.

पहिल्या आठवड्यात उरकायची कामे

प्रवेशानंतर होणारा ग्रंथालय-परिचयाचा तास बहुतेक जण चुकवतात आणि मग तिसऱ्या वर्षी मूट कोर्टच्या आदल्या रात्री धावपळ करतात. तो तास चुकला असेल तर एवढे स्वतः करून घ्या:

- सदस्यत्वाचे कार्ड काढा आणि एका वेळी किती पुस्तके, किती दिवसांसाठी, विलंब शुल्क किती, पुस्तक हरवल्यास काय, हे देवघेव काउंटरवर विचारून लिहून ठेवा. शेवटच्या वर्षी नो ड्यूज प्रमाणपत्रापाशी अडकणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे नियम तेव्हाच पहिल्यांदा कळतात.
- ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग उघडून स्वतःच्या विषयाचे एक पुस्तक शोधा आणि त्याचा वर्गांक घेऊन ते कपाटातून स्वतः काढा. ड्यूई पद्धत असेल तर कायदा ३४०च्या घरात असतो. घटनात्मक कायदा ३४२ला, फौजदारी ३४५ला, करार-मालमत्तेसारखा खासगी कायदा ३४६ला, न्यायालये आणि दिवाणी कार्यपद्धती ३४७ला.
- विकत घेतलेल्या डेटाबेसचे लॉगिन फक्त आवारातल्या जोडणीवर चालते की वसतिगृहातून आणि घरूनही चालते, ते विचारा. घरून चालत असेल तर त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. ती सुट्टी लागण्यापूर्वी करा.
- संदर्भ विभागात कोण बसते आणि केव्हा बसते ते पाहून ठेवा.

शेवटचे काम सगळ्यांत महत्त्वाचे आहे. ग्रंथपालाला ‘पुस्तक आहे का?’ एवढेच विचारले तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. ‘या कलमावर २०२४ नंतरचे उच्च न्यायालयाचे निकाल कुठे शोधू?’ असे विचारले तर माणूस खुर्चीतून उठतो. ग्रंथपाल मदत करत नाहीत, अशी तक्रार विद्यार्थी करतात. काही ठिकाणी ती खरीही असेल. पण अर्धवट प्रश्नाला अर्धवट उत्तर मिळणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यावरचा इलाज विद्यार्थ्याच्याच हातात असतो.

एक निकाल घेऊन पाहू

पडताळणी म्हणजे नेमके काय, हे याच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालावरून समजून घेता येते. आणीबाणीत ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली अटकेत असलेल्यांनी उच्च न्यायालयांत हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. २७ जून १९७५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला होता. तरीही जबलपूरच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयासह नऊ उच्च न्यायालयांनी हे अर्ज ऐकण्याजोगे ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही त्यांत होते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने सरकार जिंकले. तो एक म्हणजे न्या. हंसराज खन्ना. निकालाचे नाव ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’, वकिलांच्या तोंडी एडीएम जबलपूर.

आता हा निकाल ग्रंथालयात शोधा. ‘एआयआर १९७६ एससी १२०७’ असे लिहिले असेल तर नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचा १९७६चा सर्वोच्च न्यायालयाचा खंड काढायचा आणि पान १२०७ उघडायचे. ‘(१९७६) २ एससीसी ५२१’ असेल तर सुप्रीम कोर्ट केसेसचा १९७६चा दुसरा खंड, पान ५२१. ‘१९७६ सप्लिमेंट एससीआर १७२’ असेल तर न्यायालयाच्या स्वतःच्या अधिकृत अहवालाचा पुरवणी खंड. तिन्हीकडे निकाल एकच आहे, फक्त छापणारा वेगळा. ‘कोणता क्रमांक लिहू?’ या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तुम्ही ज्या खंडात तो प्रत्यक्ष वाचलात त्याचा लिहा, आणि तुमच्या विद्यापीठाने किंवा स्पर्धेने विशिष्ट पद्धत सांगितली असेल तर ती पाळा. न वाचलेल्या खंडाचा क्रमांक दुसऱ्याच्या टिपेतून उचलू नका. एकाने चुकीचे छापलेले पान पुढचे दहा जण तसेच छापतात, आणि परीक्षकाला ते पटकन कळते, कारण दहाही जणांची चूक एकसारखी असते.

२०२३पासून सर्वोच्च न्यायालय आणि अनेक उच्च न्यायालये आपल्या निकालांना तटस्थ संदर्भ क्रमांक देऊ लागली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या क्रमांकात वर्षानंतर ‘आयएनएससी’ अशी अक्षरे येतात. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या क्रमांकात ‘एमपीएचसी’च्या पुढे जबलपूर, इंदूर किंवा ग्वाल्हेर यांची आद्याक्षरे असतात, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात नागपूरची ओळख वेगळी दिसते. हा क्रमांक कोणत्याही प्रकाशकाच्या मालकीचा नाही. नव्या निकालांसाठी तो लिहायची सवय लावा.

पण निकाल सापडला म्हणजे काम अर्धेच झाले. एडीएम जबलपूर आज कायदा नाही. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद केली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल स्पष्ट शब्दांत मोडीत काढला. १९७६च्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते आणि २०१७मध्ये तो निकाल मोडणारे मुख्य मत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले, हे पुष्कळांना माहीत असते. माहीत नसते ते हे की १९७६चा खंड उघडला तर त्याच्या पानावर यातले काहीच लिहिलेले नाही. खंड छापला गेला तेव्हा तो कायदा होता आणि कागदावर तो कायमचा तसाच राहणार. ही दरी भरायची साधने ग्रंथालयात असतात. नंतरचे डायजेस्ट असतात, कोणत्या निकालाचे पुढे काय झाले याच्या सूची असतात आणि व्यावसायिक डेटाबेसमध्ये निकालाच्या डोक्यावर तशी खूणही असते. निकाल आधी सापडवायचा आणि मग तो अजून टिकून आहे का ते पाहायचे, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे.

‘फोनवर सगळे मिळते’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण तो बराचसा खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये आपले अधिकृत अहवाल ई-एससीआर या नावाने सर्वांना विनामूल्य खुले केले. इंडियन कानून हे संकेतस्थळ २००८पासून लाखो निकाल फुकट दाखवते. केंद्रीय आणि राज्यांचे अधिनियम इंडिया कोडवर मिळतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या खंडांसाठी विद्यार्थ्याला ताटकळावे लागे ते आता बसमध्ये वाचता येतात. ज्याच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय खरोखरच दोन कपाटांचे आहे, त्याने या साधनांवर भर द्यावा. त्यात काही कमीपणा नाही.

तरीही तीन ठिकाणी फोन दगा देतो. पहिले ठिकाण वर सांगितलेलेच. फुकट साधनावर निकालाला पुढे कोणी उल्लेखले याची यादी मिळू शकते, पण त्या उल्लेख करणाऱ्यांनी तो मानला, वेगळा ठरवला की मोडला, हे तुम्हालाच एकेक उघडून ठरवावे लागते. दुसरे म्हणजे निकाल आणि त्यावरचे शीर्षटिपण, म्हणजे हेडनोट, यांतला फरक. हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशाने नव्हे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००७ला ही रेषा आखून दिली. न्यायालयाचा मूळ मजकूर कोणाच्याही मालकीचा नाही. हेडनोटसारखे संपादकीय काम मात्र प्रकाशकाचे. विद्यार्थ्याने यातून घ्यायचा धडा कॉपीराइटपेक्षा मोठा आहे. हेडनोट वाचून निकाल शोधा, पण उत्तरपत्रिकेत किंवा युक्तिवादात उद्धृत करायचे ते परिच्छेद क्रमांकासह मूळ वाक्य. बहुमताचे वाक्य आणि असहमतीचे वाक्य यांची सरमिसळ होते तीही हेडनोटवर विसंबणाऱ्यांकडूनच.

तिसरे ठिकाण नवे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला प्रश्न विचारला की तो पक्षकारांची नावे, वर्ष आणि पान क्रमांक यांसह निकाल काढून देतो, आणि कधी कधी तो निकाल अस्तित्वातच नसतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३मध्ये माता विरुद्ध एव्हियान्का या प्रकरणात वकिलांनी असे बनावट निकाल सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरांचा दंड झाला. यावर ‘मग चॅटबॉट वापरूच नये का?’ असा प्रश्न येतो. विषयाची तोंडओळख करून घ्यायला खुशाल वापरा. मात्र त्याने सांगितलेला एकही निकाल छापील खंडात, ई-एससीआरवर किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नका. या कामाला निकालामागे दोन-तीन मिनिटे लागतात.

जुनी संहिता कपाटात का आहे

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्यानंतर विद्यार्थ्यांचे दोन तट पडलेले दिसतात. एक जुनी पुस्तके पूर्ण सोडून देणारा आणि दुसरा जुने क्रमांक तोंडपाठ असल्याने नवे पाहायचे टाळणारा. दोन्ही चुकतात.

गुन्हा १ जुलै २०२४पूर्वी घडला असेल तर त्याला दंड संहिताच लागू राहते. संविधानाच्या अनुच्छेद २०(१)प्रमाणे कृत्य घडले तेव्हा अमलात असलेल्या कायद्यानेच माणूस दोषी ठरू शकतो. त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास, खटले आणि अपिले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे चालतील, असे नव्या संहितेच्या कलम ५३१ने सांगितले आहे. आज तुम्ही कोणत्याही सत्र न्यायालयात गेलात तर अशी प्रकरणे ढीगभर दिसतील, आणि ती पुढची कित्येक वर्षे चालणार आहेत. शिवाय नव्या संहितांतल्या कितीतरी कलमांची भाषा जुनीच आहे. तिचा अर्थ लावणारे शे-दीडशे वर्षांचे निकाल जुन्या क्रमांकांखाली आहेत. म्हणून दंड संहितेवरच्या रतनलाल-धीरजलाल भाष्याची जुनी आवृत्ती निकामी होत नाही. फक्त ती कोणत्या तारखेच्या गुन्ह्यासाठी वापरायची, हे ठाऊक हवे.

दुसऱ्या तटाची चूक जास्त महागात पडते. काही क्रमांक तेच राहिले आणि त्यांतला आशय पार बदलला, तर काही तरतुदींचे क्रमांकच बदलले:

- जुन्या प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. ते आता नव्या संहितेत ५२८ आहे. नव्या संहितेचे ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता.
- खुनाची शिक्षा ३०२मध्ये होती, आता १०३मध्ये आहे. न्याय संहितेचे ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे.
- फसवणुकीचे ४२० आता ३१८खाली शोधायचे. न्याय संहिता ३५८ कलमांवरच संपते.
- इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचे ६५-ब आता साक्ष्य अधिनियमात ६३ आहे.

‘कलम ४८२खालील अर्ज’ एवढेच लिहिलेले उत्तर म्हणजे दोन संपूर्ण वेगळे अर्ज असू शकतात. म्हणून कलमाबरोबर अधिनियमाचे नाव नेहमी लिहा. बेअर अ‍ॅक्ट घेताना मुखपृष्ठावरच्या आवृत्तीच्या वर्षावर विसंबू नका. आत उघडून ‘कोणत्या तारखेपर्यंत सुधारित’ ते पाहा. ग्रंथालयात एकाच अधिनियमाच्या चार आवृत्त्या शेजारीशेजारी असतात आणि सर्वांत जास्त हाताळलेली, म्हणून सर्वांत आधी हाती येणारी, बहुधा जुनीच असते.

जबलपूरचे पुस्तक नागपुरात चालेल का

केंद्रीय कायदे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन्हीकडे तेच. राज्याच्या कायद्यांत मात्र वाटा फुटतात. इथे तुम्ही मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ शिकाल, तर तिकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आहे. इथे भाड्याच्या वादाला स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ लागतो, तर तिकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. केंद्रीय कायद्यालाही राज्यांच्या स्वतंत्र दुरुस्त्या असतात आणि त्या कलमाखाली बारीक टाइपात छापलेल्या असतात. नजर नेमकी तिथूनच सटकते. परत जायचे ठरलेले असेल तर चौथ्या-पाचव्या वर्षी हे महाराष्ट्राचे अधिनियम ग्रंथालयाकडे मागा. संग्रहात नसतील तर इंडिया कोडवरून उतरवून घ्या.

एक गोष्ट मात्र विदर्भातल्या विद्यार्थ्याला जबलपुरात महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांपेक्षा सोपी जाईल. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी नागपूरला १९३६मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तेच नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय ठरले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपूरला आले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्या. हिदायतुल्ला इथले पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्यामुळे १९३६ ते १९५६मधले नागपूरचे निकाल हा दोन्ही प्रदेशांचा सामाईक वारसा आहे. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचे काही कायदेही पुष्कळ काळ तिकडे टिकले. घरभाड्याचा १९४९चा नियंत्रण आदेश विदर्भात महाराष्ट्राचा १९९९चा भाडे कायदा येईपर्यंत लागू होता. एआयआरच्या त्या काळच्या खंडांत नागपूरचा भाग वेगळा बांधलेला असतो. तुमच्या ग्रंथालयात तो असेल तर धूळ झटकून वाचा.

भाषेबद्दलही विचारणा होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात १९७१पासून हिंदीच्या वापराला परवानगी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांची मराठी-हिंदी भाषांतरे आता संकेतस्थळावर मिळतात. समजून घेण्यासाठी मराठी भाषांतर जरूर वाचा. उद्धृत करताना इंग्रजी मूळच घ्या, कारण त्या भाषांतरांवरच तसा इशारा छापलेला असतो.

सूचनाफलकावरचे काय वाचावे

नव्या पुस्तकांची यादी, वेळापत्रकातला बदल, कार्यशाळा, डेटाबेसची चाचणी असे सगळे एकाच फलकावर लागते आणि म्हणून कोणी काहीच वाचत नाही. चाचणीच्या सूचनेकडे मात्र लक्ष ठेवा. डेटाबेस विकणाऱ्या कंपन्या विद्यापीठाला काही दिवस मोफत प्रवेश देतात. त्या मुदतीत किती जणांनी तो वापरला यावर खरेदीचा निर्णय बऱ्याच अंशी ठरतो. वापरलाच नाही तर तो घेतला जाणार नाही, मग नंतर कुरकुर करण्यात अर्थ नाही.

दुसरी बातमी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि जानेवारी २०२५पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली होऊ लागली. हे वाचून आता निकालांचे महागडे डेटाबेसही मोफत झाले असा समज पसरला. तो चुकीचा आहे. ही योजना संशोधनपत्रिकांसाठी आहे. एलएलएमच्या प्रबंधाला, तौलनिक कायद्याला, अपराधशास्त्राला तिचा मोठा उपयोग होईल. मूट कोर्टच्या आदल्या रात्री मात्र ती कामाला येणार नाही. खासगी महाविद्यालयांचा तिच्यात समावेश नाही, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांनी शोधगंगेवरचे पीएच.डी. प्रबंध आणि नॅशनल डिजिटल लायब्ररी यांकडे वळावे. प्रबंधाच्या शेवटची निकालसूची ही कित्येकदा तयार वाटच असते. अर्थात त्यातला प्रत्येक निकाल पुन्हा तपासूनच घ्यायचा.

झेरॉक्सबद्दल थोडक्यात. स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात प्रत काढायला कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ची मुभा आहे आणि न्यायालयीन निकालाची प्रत तर मोकळीच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये रामेश्वरी फोटोकॉपी प्रकरणात अभ्यासक्रमासाठी काढलेल्या उताऱ्यांच्या संचाला संरक्षण दिले. पण पूर्ण पुस्तक स्कॅन करून वर्गाच्या ग्रुपवर टाकणे या मुभेत बसवणे अवघड आहे, आणि विद्यापीठाच्या लॉगिनवरून शेकडो फाइली एकदम उतरवल्या तर प्रकाशक सगळ्या विद्यापीठाचाच प्रवेश थांबवू शकतो.

मागता येण्याजोग्या गोष्टी

‘आमच्या ग्रंथालयात काहीच नाही, मग पडताळणी कुठे करायची?’ हा सर्वांत रास्त आक्षेप आहे, आणि त्याला नुसता सल्ला देऊन भागणार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या विधी शिक्षण नियमांत ग्रंथालयाचे किमान निकष लिहिलेले आहेत. एआयआर मॅन्युअल, केंद्रीय आणि स्थानिक अधिनियम, एससीसी, क्रिमिनल लॉ जर्नल यांसारखे संच, नियतकालिकांचे निदान दहा वर्षांचे मागचे खंड आणि विद्यार्थ्यामागे दहा पुस्तके हे प्रमाण त्यांत आहे. दरवर्षीच्या किमान खर्चाचा आकडाही आहे, एका शाखेसाठी ५० हजार आणि दोन्ही शाखांसाठी एक लाख रुपये. आजच्या किमतीत ही रक्कम तुटपुंजी आहे, पण ती किमान मर्यादा आहे आणि तीही पाळली जात नसेल तर बोट ठेवायला जागा मिळते. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवता येईल असेही हे नियम म्हणतात. त्यामुळे ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नका.

मागणीचा क्रम असा ठेवा. आधी ग्रंथपालांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग तो ग्रंथालय समितीकडे न्या. तरी हलले नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या २०२३च्या विनियमांनुसार तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. शासकीय विद्यापीठ असेल तर गेल्या तीन वर्षांत पुस्तकांवर आणि डेटाबेसवर किती खर्च झाला, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करून देणे कॉपीराइटच्या कलम ५२(१)(झेडबी)खाली कायदेशीर आहे, आणि सुगम्य पुस्तकालय हा तयार डिजिटल संग्रहही आहे. ‘प्रकाशकाची परवानगी लागेल’ असे सांगून कोणाला परत पाठवले जात असेल तर हे कलम दाखवा.

तक्रारीपर्यंत जाण्याआधी एक सोपे काम करून पाहा. बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पुस्तक-शिफारशीचा अर्ज असतो आणि तो जवळपास कोरा पडून असतो. त्यावर लेखक, नाव, आवृत्ती, प्रकाशक आणि किंमत नीट भरून विषयाच्या प्राध्यापकांची सही घ्या. चार-पाच विद्यार्थ्यांनी एकाच पुस्तकाची मागणी केली तर तिला वजन येते. ग्रंथालयाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि शिल्लक रक्कम खर्चण्याची घाई फेब्रुवारीत सुरू होते. तुमचा अर्ज डिसेंबरपर्यंत ग्रंथपालांच्या टेबलावर पोचू द्या.